टोक नसलेली सुई

आपल्याकडे सुई ही विकत आणण्यापेक्षा शेजारून मागून आणायची वस्तू. तिन्हीसांजेला ती कुणी देत नाही, दिवसा कुणी नाही म्हणत नाही, आणि ही सुई कोणत्या कामाची, असं नेणारीही विचारत नाही. सुई म्हणजे सुई. बटण लावायची तीच, उशी शिवायची तीच आणि रुखवतातल्या तोरणावर लोकरीचा पोपट भरायचा तोही तिनंच. मी एका संस्थेतर्फे सत्तावीस वर्षं गावोगाव भरतकाम शिकवलं. त्यातला निम्मा काळ बायकांच्या हातातली चुकीची सुई काढून घेण्यात गेला असं म्हटलं तरी चालेल.

मॅटीचं कापड ज्यांनी हाताळलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. हे कापड जाळीसारखं असतं. उभे-आडवे जाड धागे आणि त्यांच्या मधे सारख्या मापाची भोकं. भोकं मोजत मोजत लोकरीचे टाके घालत गेलं की मोर, कलश, वेल, जे हवं ते उमटतं. साध्या कापडाला सुई टोचावी लागते. इथे भोक आधीच असतं, सुईला फक्त त्यातून जायचं असतं. म्हणून टोकदार सुई इथे कामाची नाही. ती कापडाचा धागा चिरते, शेजारच्या टाक्यातली लोकर फाडते. टोक बोथट हवं. नेढं लांबट हवं, नाहीतर लोकर घासून पिंजारते आणि हातभर धागा संपायच्या आत त्याची रया जाते. आणि जाडी भोकाच्या मापाची हवी. सुई भोकात सोडल्यावर आपली आपण खाली पडली तर ती बारीक. ओढताना कापड गोळा झालं तर ती जाड. कडांना जेमतेम शिवून गेली की समजावं, हीच.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही संस्थेच्या पेटीतून येणाऱ्या टोकदार सुयाच मी कितीतरी वर्षं बायकांना वाटत होते. भंडाऱ्याच्या बाजारात बोथट सुई मागितली की स्वेटरचे भाग जोडायची ती जाडजूड सुई पुढ्यात यायची, तिनं मॅटीची भोकं फाकायची. मधलं काही मिळत नसे. मी म्हणायची, चालून जातं. चालून जात नाही, हे मला करडी गावच्या कौसल्याबाईंमुळे कळलं.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर आमच्या संस्थेनंही कामाची वाटणी केली. तिकडची गावं तिकडे गेली आणि माझ्याकडे मोहाडी तालुका आला. एकेका गावात तीन महिन्यांचा वर्ग घ्यायचा, शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. आम्ही जवाहरनगरला ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माझे मिस्टर फॅक्टरीत फिटर होते. सकाळी त्यांची फॅक्टरीची बस जायची आणि तिच्या मागोमाग मी एसटी गाठायला निघायची.

करडीचा वर्ग समाजमंदिरात भरायचा. धानाची कापणी-बांधणी आटोपली होती, त्यामुळे पंधरा-सोळा बायका नियमित येत. कौसल्याबाई त्यांच्यात वयानं मोठ्या, पस्तिशी ओलांडलेल्या. गावच्या तलावाखाली त्यांचं थोडं शेत होतं. खिडकीजवळची जागा धरून बसायच्या आणि काम नसलं की दोन्ही हात पदराखाली घ्यायच्या. मी त्याला लाजाळूपणा समजले. बोलणं कमी, पण रंगांची जाण अशी की मी चकित झाले. आसनावर धानाच्या लोंब्या भरायच्या होत्या. बाकीच्यांनी पिवळी लोकर उचलली. कौसल्याबाईंनी पिवळी, पोपटी आणि थोडी मातकट अशा तीन लोकरींचा एकेक पदर काढून सुईत एकत्र ओवला. त्यांची लोंबी कापणीच्या चार दिवस आधीची दिसत होती, असं शेजारची बाई म्हणाली. ते खरंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मी रांगेतून कामं पाहत फिरत होते. कौसल्याबाईंच्या पांढऱ्या मॅटीवर लाल ठिपके दिसले. एक नव्हे, पाच-सहा, आणि एक चांगला पैशाएवढा डाग. मी आसन उचलून सगळ्यांना दाखवलं. काम करताना लक्ष कुठे असतं, सुई बोटात जाते तरी पुढचा टाका कसा घालता, पांढऱ्या कापडावरचं रक्त जात नसतं, असं बरंच बोलले. स्वच्छतेचे दहा गुण असतात हेही सांगितलं. त्या फक्त म्हणाल्या, "धुऊन आनतो, बाई."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मी कुणाला विचारलं तर बायका एकमेकींकडे पाहायच्या. चौथ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्यांचं घर विचारत गेले.

कौसल्याबाई अंगणात बसल्या होत्या. समोर घमेल्यात पाणी, त्यात दोन्ही हात बुडवलेले. मला पाहून त्यांनी हात लपवायला पदर ओढला, मग काय वाटलं कोण जाणे, राहू दिला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं. बाकीच्या बोटांवर सुईचे टोचे आणि पहिल्या बोटाच्या पेरावर चिघळलेली जखम. मी काही विचारायच्या आत त्यांनीच सांगितलं. सहा वर्षांपूर्वी अंगावर चट्टे आले होते. कुष्ठरोगाच्या गोळ्या वर्षभर घेतल्या, एकही दिवस चुकवला नाही. डॉक्टरांनी रोग गेला म्हणून सांगितलं. रोग गेला, पण हाताची जाण गेली ती परत आली नाही. चटका, काटा, विळा, काही कळत नाही. म्हणून रोज हात भिजवायचे, तेल लावायचं आणि कुठे लागलं का ते डोळ्यांनी पाहायचं.

मी म्हणाले, मला सांगायचं नाही का.

"दुखलं असतं त सांगितलं असतं, बाई," त्या म्हणाल्या. "मलेच ठाव नव्हतं. तुम्ही कापड वर केलं तई मी रक्त पायलं."

मी विचारलं की असं असताना सुईच्या वर्गाला आल्याच का. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलेले नाही.

"वावरात विळा लागते तेबी समजत नाई. म्हटलं, सुई लहान आहे, लहान जखम करंन. घरचे म्हन्तात, कौसल्याचा हात कामातून गेला. मले पाहाचं होतं, खराच गेला का."

त्या दिवशी एसटीत बसल्यावर मला स्वतःची लाज वाटली. बोथट सुई हवी, हे वर्गात पहिल्या दिवशी मीच फळ्यावर लिहायची आणि लगेच टोकदार सुया वाटायची. ज्या बायकांना टोचलं की कळत होतं त्या हात झटकून पुढचा टाका घालत. माझं चालून जात होतं ते त्यांच्या बोटांच्या जिवावर.

घरी मिस्टरांना हे सांगितलं. त्यांनी माझ्या पेटीतली सुई मागितली, खिडकीशी नेऊन उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "टोक पाहिजेच कायले हिले?" मी म्हटलं, नकोच आहे, पण तशी सुई मिळत नाही. ते म्हणाले, "मिळत नाही त करू. लोखंडच आहे."

त्या रविवारी सकाळी ते कामाला बसले. आम्ही रफूच्या सुया घेतल्या, कारण त्यांचं नेढं लांबट आणि जाडी मॅटीच्या भोकाला बरोबर. एकेक सुई चिमट्यात धरून त्यांनी टोक तोडलं आणि धार लावायच्या तेलाच्या दगडावर गोल गोल फिरवत घासलं. मला वाटलं झालं. लोकर ओवून मी चार टाके घातले आणि सुई अडायला लागली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक कड टोकाला राहिली होती, तिच्यात लोकरीचे तंतू अडकत. मिस्टरांनी सुया परत घेतल्या. बारीक पॉलिश पेपरवर आणि मग आपल्या जुन्या चामडी पट्ट्यावर त्यांनी प्रत्येक सुई घासली. दुपारपर्यंत चार सुया झाल्या. चौथी माझ्या गालावरून फिरवून पाहिली तर मोहरीच्या दाण्यासारखी गुळगुळीत. उठताना त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून दिला. म्हणाले, जिला धरल्याचं कळत नाही ती सुई गरजेपेक्षा जोरात दाबणार, दाबूनही जखम होते. रबरानं धरलं की दाबावं लागत नाही. भरतकाम मी शिकवत होते आणि हातांचा विचार त्यांनी केला होता.

मी सुया घेऊन पुन्हा करडीला गेले. जखम भरेपर्यंत कौसल्याबाईंनी वर्गाला यायचं नाही असं ठरवलं. त्या दरम्यान मी आरोग्यसेविकेला वर्गात बोलावलं आणि गोळ्या घेतलेल्या माणसापासून हा रोग पसरत नाही हे सगळ्यांना नीट समजावून द्यायला लावलं. बायकांनी ऐकून घेतलं. एक जण मात्र पुन्हा आलीच नाही. तिच्या घरी मी दोनदा गेले, पण उपयोग झाला नाही. जखम भरून कौसल्याबाई परत आल्या त्या दिवशी, सगळ्यांसमोर मी जे बोलले होते त्याबद्दल सगळ्यांसमोरच त्यांची माफी मागितली. त्या इतक्या अवघडल्या की मला म्हणाल्या, "राहू द्या जी, कामाचा टाइम चालला."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते पाहून मी थक्क झाले. सुई हातात घेतली की आधी ती खालच्या ओठाला लावायच्या. बोटांना कळत नव्हतं, पण ओठाला कळत होतं. टोक गोल आहे का, नेढ्याची कड खरबरीत आहे का, हे त्या ओठावरून सांगायच्या, आणि मी खिडकीत धरून पाहिलं की ते बरोबर निघायचं. मिस्टरांच्या चारपैकी एक सुई त्यांनी अशीच बाजूला काढली, नेढ्यापाशी खरवडते म्हणून. ओवायची अडचण होती. लोकरीचं टोक चिमटीत धरल्याचं कळत नसे. त्यावर कागदाची बारीक पट्टी दुमडून तिच्यात लोकर ठेवायची आणि पट्टीच नेढ्यातून ओढायची, ही युक्ती मी दाखवली. दोन दिवसांत त्यांचा हात त्यावर बसला. एक ओळ झाली की थांबायचं, दोन्ही हात उजेडात धरायचे, सगळी बोटं पाहायची, मग दुसरी ओळ. बाकीच्यांच्या दोन फुलांमागे त्यांचं एक व्हायचं. पण प्रत्येक टाका त्यांना डोळ्यांनी पाहूनच घालावा लागे, त्यामुळे एकही टाका तिरपा नाही की सैल नाही. भरतकामाची खरी परीक्षा मागच्या बाजूनं होते. तिथे गाठी आणि लोंबणारे धागे लपत नाहीत. कौसल्याबाईंचं आसन उलटं करून ठेवलं तर कोणती बाजू वरची, असं मला दोनदा पाहावं लागायचं.

परीक्षेला नागपूरहून परीक्षक बाई आल्या. शिस्तीच्या, नियमाला पक्क्या. परीक्षेचा नियम असा की सामान संस्थेचंच वापरायचं, घरून काही आणायचं नाही, आणि शिकवणारीनं एक शब्दही बोलायचा नाही. मी बायकांची सुयांची अडचण आधी लिहून कळवली होती, पण पाकीट फुटलं तेव्हा आतून नेहमीच्याच टोकदार सुया निघाल्या. मी दाराशी उभी होते.

कौसल्याबाईंनी सुई घेतली, ओठाला लावली आणि परत टेबलावर ठेवली. परीक्षक बाईंनी विचारलं, काय झालं.

"हे सुई मॅटीची नाई, मॅडम."

समाजमंदिरात सगळ्यांचे हात थांबले. परीक्षक बाई म्हणाल्या की सगळ्यांना हीच दिली आहे. कौसल्याबाई उठून उभ्या राहिल्या. मॅटीला भोक असतं, त्यात सुई टोचायची नसते, टोकानं कापडाचा धागा चिरतो, हे त्यांनी सांगितलं. टेबलावरची मॅटी घेऊन एक टाका टोकदार सुईनं घातला आणि चिरलेला धागा दाखवला. मग एरवी पदराखाली असणारे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. वर्गातल्या बऱ्याच बायकांनीही ते हात तोवर असे समोर ठेवलेले पाहिले नव्हते.

"आनि माह्या बोटाइले टोचलेलं समजत नाई. कापड खराब होईल, बोटबी खराब होईल. मले माही सुई वापरू द्या. नाई त मले नापास करा, पन या सुईनं मी करनार नाई."

परीक्षक बाईंनी ते हात पाहिले. मग त्यांनी कौसल्याबाईंचं तयार आसन मागितलं आणि ते सरळ न पाहता आधी उलटं केलं. मागची बाजू त्यांनी उजेडात नेली, नखानं टाके मोजले. मला वाटतं, निर्णय तिथेच झाला. त्यांनी विचारलं, तुमची सुई कुठे आहे. कौसल्याबाईंनी ब्लाउजच्या खिशातून कागदाची पुडी काढली. सुई पाहून परीक्षक बाईंनी ती स्वतःच्या अंगठ्यावर दाबली आणि म्हणाल्या, बसा, वापरा. मग इतर बायकांकडे वळून विचारलं की आणखी कुणाला अशी सुई हवी का. तीन हात वर झाले, आणि आमच्याकडे सुया होत्या आणखी दोनच. मिस्टरांच्या.

कौसल्याबाई पास झाल्या. पहिल्या आल्या नाहीत, कारण दिलेल्या वेळात त्यांचं काम पुरं झालं नाही. पण जाताना परीक्षक बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की या सुया कुठे मिळतात. मी सांगितलं, आमच्या घरी. त्या पहिल्यांदा हसल्या. पुढच्या वर्षीपासून संस्थेच्या पेटीत बोथट सुया यायला लागल्या, नागपूरच्या इतवारी बाजारातून आणलेल्या, नंबरवारीनं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुढच्या गावच्या वर्गाला मदतनीस म्हणून कौसल्याबाईंना घ्यावं असं मी संस्थेला लिहिलं होतं. तिकडून उत्तर आलं, पुढच्या वर्षी पाहू. पुढच्या वर्षी मी आठवण करून दिली नाही. नवं गाव, नवा वर्ग, आणि खरं सांगायचं तर तिथल्या बायका काय म्हणतील याची मलाच धास्ती वाटली. परीक्षेत त्या ज्या धीरानं उभ्या राहिल्या त्याच्या निम्मा धीर मी दाखवला असता तर त्यांची तीन-चार वर्षं वाया गेली नसती. त्यांनी मला कधी त्याबद्दल विचारलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही.

पण त्या माझ्यासाठी थांबल्या नाहीत. मी निवृत्त झाल्यावर वर्षभरानं त्यांच्या मुलीचा फोन आला. आई दर मंगळवारी भंडाऱ्याला दवाखान्यात येते, तुम्हाला बोलावलं आहे, म्हणाली. मी गेले. एका लांबट खोलीत कुष्ठरोगाचे जुने पेशंट हात भिजवून, तेल लावून बसले होते, आणि बाकावर कौसल्याबाई पिशवी उघडून. पेशंटांचे हात कामात राहावेत म्हणून तिथल्या डॉक्टरांनीच करडीच्या वर्गानंतर तीन-चार वर्षांनी त्यांना बोलावलं होतं. त्या प्रत्येकाचा हात आधी पाहत, मग सुई निवडत. ज्याची चिमटी मिटत नव्हती त्याला जाड सुई आणि मोठ्या भोकाची मॅटी, ज्याचं एकच बोट गेलं होतं त्याला बारीक. कापड पाहून सुई निवडायची, एवढंच मी आयुष्यभर शिकवलं. त्या हात पाहून सुई निवडत होत्या आणि सुई पाहून कापड.

त्या दिवशी आंधळगावचे एक म्हातारे विणकर पहिल्यांदाच आले होते. उभं आयुष्य कोसा रेशमाची लुगडी विणण्यात गेलेलं. हात बधिर झाल्यावर तुटलेला धागा सांधता येईना, गाठ बसली की नाही ते बोटांना कळेना, म्हणून माग सोडून घरी बसले होते. मुलानं जबरदस्तीनं आणलं होतं. भिंतीकडे तोंड करून बसले आणि म्हणाले, हे बायकांचं काम आहे, मले नाई पायजे.

कौसल्याबाईंनी त्यांना आग्रह केला नाही. मॅटीचा तुकडा आणि दोन सुया त्यांच्या शेजारी ठेवल्या आणि विचारलं, "बाबाजी, याइच्यातली बारीक कोनती? एक अठराची आहे, एक बाविसाची."

म्हाताऱ्यांनी मान वळवली. "बाविसाची," ते म्हणाले. "सुताचंबी तसंच रायते. नंबर वाढला का सूत बारीक."

सत्तावीस वर्षांत हे पहिल्या फटक्यात सांगणारा माणूस मी पाहिला नव्हता. बायकांना ते पटवायला मला दोन दिवस लागत. म्हाताऱ्यांनी मग मॅटी गुडघ्यावर घेतली, तिचे उभे-आडवे धागे डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि विणावट ढिली आहे असा शेरा मारला. कौसल्याबाईंनी कागदाच्या पट्टीनं लोकर ओवून सुई पुढे केली, त्यांच्या बोटांवर रबराचा तुकडा बसवून दिला. त्यांनी एक ओळ भरली. कापड उलटं केलं, मागची बाजू पाहिली, तोंड वाकडं केलं, आणि सगळी ओळ उसवून टाकली. पुन्हा भरली. दुसऱ्या वेळी मागे धागे सरळ आले. त्यांनी दुसरी ओळ धरली. मुलगा दारातून दोनदा डोकावून गेला, त्यांनी वर पाहिलं नाही.

दवाखाना बंद व्हायची वेळ झाली. बाकीचे पेशंट उठून गेले. शिपाई आला आणि एकेक खिडकी लावत त्यांच्या खिडकीपर्यंत पोचला. त्यानं पल्ला ओढला तसा कापडावर अंधार पडला.

"थांबा जी," म्हातारे मान वर न करता म्हणाले, "एवढी ओळ होऊ द्या."

शिपायानं कौसल्याबाईंकडे पाहिलं. त्या पिशवी खाली ठेवून पुन्हा बाकावर बसल्या. मीही बसले. शिपायानं खिडकी परत उघडली.